टोचते म्हणून लिहिलं होतं

ज्या दुकानाला दारच नाही त्याची फीत बांधायची कुठं, या प्रश्नावर आमचा दादा आणि त्याचे चार रिकामटेकडे दोस्त अख्खी सकाळ ओट्यावर बसून होते. दुकान माझं. फोनमधलं. त्यात विकायच्या होत्या आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घरच्या मागावर विणलेल्या घोंगड्या. दादाचा त्यातल्या एका धाग्याशी संबंध नव्हता. पण गावात काही नवीन निघालं की दादाला साहेब लागतात, साहेब आले की मांडव लागतो, आणि मांडव पडला की आपण कुणीतरी आहोत असं त्याला वाटायला लागतं.

साहेब म्हणजे केजचे एक पुढारी. दादा त्यांचा कार्यकर्ता. कार्यकर्ता नेमकं काय काम करतो असं मला कुणी विचारलं, तर मी सांगते, कडक इस्त्रीचे कपडे घालतो. त्याचे कपडे धुते त्याची बायको, शेत बघतो वाटेकरी, आणि हा जीपच्या मागच्या सीटवर बसून तालुक्याची काळजी वाहतो.

खरी तयारी मी केलती. सासर सोडून माहेरी आले तेव्हापासून आबांना लोकर पिंजून, सूत कातून देत होते. मेंढरं कमी झाली. बाजारात गिरणीची मऊ, रंगीत पांघरुणं आली आणि घोंगडीला हात लावणारं गिऱ्हाईक गेलं. त्यात आबांचा उजवा खांदा वर जाईना. ह्या उन्हाळ्यानंतर माग बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. शेवटच्या सात घोंगड्या विणल्या, चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणून कडक वाळवल्या. ह्या कुणाच्याही गळ्यात मारायच्या नाहीत. जो स्वतःहून मागेल, पांघरून झोपेल, त्याच्याच घरी जातील, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

मग शिकले सगळं. बँकेतलं नाव आणि कार्डावरचं नाव जुळवायला दोनदा केजला हेलपाटे घातले. सकाळच्या उन्हात दगडी भिंतीवर घोंगडी टाकून फोटो काढले. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं. कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही, ना न्यायला ना द्यायला, म्हणून केजच्या ऑफिसात जाऊन पार्सल मीच आणून देईन असं बोलून ठेवलं. आणि माहितीत प्रामाणिकपणे लिहिलं, नवी असताना टोचते, वापरून वापरून मऊ होते.

ते वाचून दादाचं डोकं फिरलं.

"टोचते कावून लिवलंस? गिऱ्हाईक पळून जाईल की."

"घोंगडी टोचतेच. खोटं सांगून माल खपवायला मी काय निवडणुकीला उभी आहे?"

त्याला लागलं ते. पण उद्घाटन मात्र त्यानं सोडलं नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी गत. अजून एक घोंगडी खपली नव्हती आणि चौकात फ्लेक्स चढला. वर साहेब, खाली गावातली यच्चयावत टोपी, कोपऱ्यात गॉगल लावलेला दादा. आबांचा फोटो नाही. घोंगडीचा तर नाहीच नाही.

फितीचा तोडगा शेवटी असा निघाला की माझा फोन पितळी ताटात ठेवायचा, त्याला हार घालायचा आणि दोन खुर्च्यांना बांधलेली फीत साहेबांनी त्याच्या पुढ्यात कापायची. फोनला हळदकुंकू वाहिलं. चांगलं मूठभर वाहिलं. चार्जिंगच्या भोकात हळद गेली आणि माझं दुकान उद्घाटनाच्याच दिवशी बंद पडलं. साहेबांना तेही कळलं नाही. ते लई वेळ बोलले, आणि आमच्या पापडलोणच्यांना त्यांनी मनापासून शुभेच्छा दिल्या.

मी आत चहाच्या पातेल्यापाशी. दुकानाची मालकीण म्हणजे चहा करणारीच की. एवढ्यात स्पीकरवरून दादाचा आवाज आला, की आता साहेबांचा सत्कार घोंगडी आणि काठी देऊन आबांच्या हस्ते. मी म्हटलं, जाऊ दे, एक गेली. कप भरले, ताट घेऊन बाहेर आले आणि बघते तर स्टेजवरच्या एकेकाच्या खांद्यावर आबांची घोंगडी. माझ्या दुकानातल्या सातही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं ते आमच्या दादानंच. आठवा एकजण घोंगडी पुरली नाही म्हणून तोंड फुगवून बसला होता, त्याला नारळावर समजावलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण आबा साहेबांच्या खांद्यावरची घोंगडी नीट करत उभे होते, नवऱ्या मुलाचा शेला नीट करावा तसे. फोटो निघाला मात्र, साहेबांनी मान खाजवली, "टोचायलंय बे," असं मागच्या माणसाला म्हणत घोंगडी काढली आणि न बघता मागं फेकली. आबांचा हात तिथंच हवेत राहिला. तो हात मी बघितला. त्या दिवशी जेवढे शिव्याशाप मला येत होते तेवढे मी मनात दिले, आणि मला पुष्कळ येतात.

जाताना साहेबांच्या माणसांनी सगळ्या घोंगड्या त्यांच्याच जीपमध्ये टाकून नेल्या. सगळे पांगल्यावर मी दादाला उभा आडवा घेतला. आबांनीच मला गप्प केलं. म्हणाले, "दिलेली वस्तू माघारी मागत न्हाईत, बाई." आणि मागावर कापड झाकून टाकलं.

फोन दुरुस्त होऊन यायला आठवडा गेला. दुकान उघडून बघते तर त्यात सातही घोंगड्या अजून मांडलेल्याच होत्या, आणि एकीला ऑर्डर येऊन पडली होती. विदर्भातल्या कुणा निवृत्त बाईंची. खाली त्यांनी लिहिलं होतं, "माझ्या वडिलांची घोंगडी टोचायची. तशीच आहे ना? मऊ असेल तर पाठवू नका."

मी तशीच उठले आणि केजची जीप पकडली. आबांना सांगितलं नाही.

साहेबांचा बंगला तीन मजली. साहेब दौऱ्यावर होते, बहुतेक कुणाचं तरी पापडलोणचं गोड करायला. त्यांच्या बायकोला मी सरळच सांगितलं, आमच्या घोंगड्या चुकून इकडं आल्यात, परत पाहिजेत. मला वाटलं, बाई हाकलून देणार. तिनं मला जिन्याखालच्या खोलीत नेलं. आत शालींचा ढीग, फेट्यांचा ढीग, काचेतले मानपत्रांचे ढीग, आणि एका कोपऱ्यात घोंगड्या. अख्ख्या तालुक्याचा मानसन्मान तिथं कुजत पडला होता.

"तुमच्या असतील त्या न्या," ती म्हणाली, "आणि जमलं तर बाकीच्याही न्या. उंदरं झालीत माय."

तिचा मला राग आला नाही. नवऱ्याची थोरवी रोज झाडणारी ती एकटीच होती त्या घरात. आबांची किनार मी अंधारातही ओळखते. पाच सापडल्या, एकीलाही कुणी पांघरून झोपलेलं नव्हतं. सहावी ड्रायव्हरनं कापून जीपच्या सीटला शिवली होती. सातवीचा पत्ता लागला नाही. बाकीच्यांना मी हात लावला नाही, त्या दुसऱ्या कुणाच्या तरी आबांच्या होत्या.

त्यातली एक झटकली, उन्हात धरली, कुठं कुरतडली तर नाही ना ते बोटानं चाचपून बघितलं आणि तिथूनच कुरिअरला देऊन आले. चार घरी आणल्या. आबांनी एकेक उलगडली, किनारीवरून हात फिरवला. मागितल्या का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. त्या विदर्भातल्या बाईंनी घोंगडी मिळाल्यावर दोनच शब्द लिहिले, "टोचते. आभार." ते मात्र आबांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मागावरचं कापड काढलेलं मला दिसलं. खांदा दुखतोच. दिवसाला वीतभर विणतात.

पुढं दिवाळीच्या सुमारास दादा आला. मुंबईहून साहेबांचेही साहेब यायचे होते. इस्त्रीची घडी मोडू न देता खाटेच्या कडेला टेकून तो मला म्हणाला, एक घोंगडी दे, सत्काराला लागतीय, तेवढंच आबांचं नाव होईल. मी तोंड उघडणार, तोच मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून आबा बोलले. थोरल्या लेकाला त्यांनी कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मानही वर केली नाही त्यांनी.

"फोनवर मागव," आबा म्हणाले. "अन् तुझ्या सायबाला सांग, टोचती म्हनून आमी आधीच लिवलंय."