थ्री-नॉट-थ्रीचे शेवटचे दहा राऊंड

पोलिस भरतीत चारुशीला मेश्राम जेमतेम उंचीत बसली होती. ट्रेनिंगमध्ये थ्री-नॉट-थ्री रायफल हातात आली, तेव्हा तिच्या वजनानेच ती वाकली. पहिली गोळी झाडताना तिने दोन्ही डोळे गच्च मिटले. गोळी मातीत आणि रायफलीचा दस्ता खांद्यात!

"काहून डोळे मिटून राहिली वं?" नेमबाजी शिकवणारे उस्ताद ओमप्रकाश हसले. "तिले खांद्याशी घट्ट धर. सैल धरली का लाथ मारते."

मग ते तिच्या शेजारीच बसले आणि सांगू लागले. ही मूळची इंग्रजी फौजेची रायफल, दोन महायुद्धं लढलेली. त्या काळी बहुतेक फौजांच्या रायफलीत पाच गोळ्या मावायच्या, हिच्यात दहा. गोळी पुढे सरकवणाऱ्या बोल्टची मूठ चापाच्या अगदी जवळ, म्हणून हात फार लांब न्यावा लागत नाही. वर, मागं, पुढं, खाली, की दुसरी गोळी तयार.

चारुशीलाला त्या बोल्टचा नादच लागला. रिकामी रायफल घेऊन ती फावल्या वेळात खटखट करत बसायची. पुढे पोलिसांच्या नेमबाजी स्पर्धेत ती बक्षिसं घेऊ लागली.

यंदा त्या जुन्या रायफली जमा करायचं ठरलं. त्याआधी एकदा सगळ्यांनी मनसोक्त फायरिंग करावं, असं साहेबांनी सांगितलं. चारुशीला आता हवालदार, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. मुलगी वैभवी नुकतीच शिपाई झालेली. कोराडीहून म्हातारे ओमप्रकाशही मुद्दाम आले.

"चारू, दहाच्या दहा. थांबायचं नाही," ते म्हणाले.

गुडघे कुरकुरले, पण ती पालथी पडली. मग रेंजवर नुसता धडाका उडाला. रिकाम्या पुंगळ्या उडत होत्या, नव्या शिपाई पोरी शिट्ट्या मारत होत्या. टार्गेट आणून पाहिलं तर एक सोडून सगळ्या गोळ्या मधोमध.

"अन् ती एक कुठं गेली?" उस्तादांनी डोळे बारीक केले.

"इंग्रजाले वापस पाठवली, सर!"

उस्ताद इतके हसले की त्यांना ठसकाच लागला. वैभवीने पाणी आणलं आणि लगेच हट्ट धरला, "आई, मले पण शिकव ना."

रायफली जमा करायला अजून तासभर होता. चारुशीलाने वैभवीचा हात बोल्टवर ठेवला आणि उस्तादांसारखाच आवाज काढून म्हणाली, "वर, मागं, पुढं... अवं, हळू नाही, जोरात!"

दुपारी तिघंही सीताबर्डीच्या बाजारात झणझणीत रस्सा घातलेले तर्री-पोहे खायला गेली.