कंपनीचं पाणी

नव्वदच्या दशकात आमचं गाव अजून नाशिक शहराच्या बाहेर होतं, पण औद्योगिक वसाहत मळ्याच्या बांधापर्यंत येऊन ठेपली होती. आम्ही झेंडू आणि शेवंती लावायचो. मी दहावीत असताना शेजारच्या कंपनीने देवळात डोळे तपासणीचं शिबिर घेतलं. मला तिथे फुकट चष्मा मिळाला. घरी येताना चिंचेचं एकेक पान सुटं दिसत होतं आणि मी त्या कंपनीवर बेहद्द खूश होते.

आई खूश नव्हती. तिचे डोळे तपासून झाल्यावर नर्सने तिला विचारलं होतं, "पिण्याचं पाणी कुठल्या विहिरीचं?"

"डोळ्यांचा आन् विहिरीचा काय संबंध?" आईने घरी आल्यावर वडिलांना विचारलं.

"विचारलं असंल सहज. पोरीला चष्मा दिला ना त्यांनी?"

"दिला ना. म्हणून तर जास्त शंका वाटतेय."

पुढे कंपनीचे डॉक्टर दर महिन्याला गावात येऊ लागले. माणूस सज्जन, बोलणं मऊ. वडिलांशी त्यांचं चांगलं जमलं. आमच्या ओट्यावर बसून ते फुलांच्या भावाची चौकशी करायचे. आईने मात्र एक गोष्ट हेरली होती. ते कुणाच्याही घरी पाणी पीत नसत. तांब्या पुढे केला की "आत्ताच प्यालो" म्हणायचे आणि जीपमध्ये बसल्यावर स्वतःची बाटली तोंडाला लावायचे. शहरातल्या माणसांची सवय असेल, असं मला वाटायचं.

त्या उन्हाळ्यात कंपनीचा टँकर गावात यायला लागला. खरं तर विहिरींना पाणी होतं. तरी बायका हंडे घेऊन धावल्या. आई गेली नाही, पण तिने आम्हाला विहिरीचंही पाणी पिऊ दिलं नाही. वडिलांना सायकलवरून मामाच्या मळ्यातून कॅन भरून आणायला लावला.

पुढच्या खेपेला डॉक्टर आले तेव्हा तिने त्यांच्यापुढे पेला धरला.

"पाणी घ्या, डॉक्टरसाहेब."

"नको मावशी, आत्ताच प्यालो."

"आज घ्याच. आमच्या विहिरीचं हाय."

त्यांनी पेला घेतला आणि तसाच हातात धरून बसले. वडील अवघडून आईकडे पाहत होते. मग डॉक्टरांनी पेला खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "टँकरचंच प्या. मुलीला तर विहिरीचं देऊच नका."

"काय हाय विहिरीत?"

"मला एवढंच बोलता येईल, मावशी."

पुढच्या महिन्यात दुसरेच डॉक्टर आले. आधीच्यांची बदली झाली, असं कळलं.

आईवडील मग कंपनीच्या ऑफिसात गेले. साहेबांनी चहा पाजला. पाणी उत्तम आहे, टँकर केवळ आपुलकीने पाठवतो, म्हणाले.

"पाणी चांगलं हाय तर टँकर बंद करा," आई म्हणाली.

साहेब वडिलांकडे वळून म्हणाले, "यांना जरा समजावा."

टँकर बंद झाला नाही. सायकलवरून रोज पाणी आणणं जमेना, तेव्हा आईही हंडा घेऊन त्याच रांगेत उभी राहू लागली. ज्यांच्यावर संशय, त्यांच्याच हातचं पाणी प्यायचं, हे तिला लागलं होतं.

दोन हजार सालानंतर कंपनीने गावात नळ आणला, विहीर फक्त फुलांपुरती राहिली. मी तेव्हा शिक्षिका झाले होते. एके दिवशी कंपनीतून एक तरुण मुलगी कॅमेरा घेऊन आली. कंपनीने गावासाठी काय काय केलं, याची पुस्तिका निघणार होती. तिने आईला नळाजवळ उभं केलं.

"आजी, थोडं हसा ना."

"आधी सांग, आमच्या विहिरीत काय होतं?"

मुलगी गोंधळली. "मी नवीन आहे, आजी. विचारून कळवते."

ती खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. तिने कदाचित विचारलंही असेल. पुस्तिका घरी आली, त्यात आईचा फोटो होता, न हसणारा. उत्तर मात्र आलं नाही. आईने फोटो एकदा पाहिला आणि झेंडू तोडायला निघून गेली.