वाघ्यावर लाकूड उगारणारा नवरदेव

बायांनो, आज मुरगूडचं स्थळ नातीला बघायला आलतं. आमचा वाघ्या काठी बघून भ्याला की चावतोय, म्हणून त्याला परसात बांधलं. पावण्यांस्नी दारातच सांगितलं, काठ्या भाईर ठेवा, कुत्र्याकडं जाऊ नका.

नवरदेव पोहे खाऊन हात धुवायला म्हणून मागं गेला. मी चुलीपासनं बघत होते. वाघ्या भितीला चिकटून थरथरत होता, आणि हा सरपणातलं लाकूड त्याच्यावर उगारून हसत होता.

आत येऊन म्हणतोय कसा, "आजी, कुत्रं लई गुणाचं हाय की!"

पावणं गेल्यावर मी ह्या स्थळाला नगं म्हणाले, तर ल्योक माझ्यावरच वराडला, "म्हाराजांच्या पागेत चाकरी हाय पोराला. कुत्र्यापायी स्थळ मोडतीस व्हय?"

बांधलेल्या जनावराला भ्या घालून ज्याला हसू येतंय, त्याच्या घरात दार लावल्यावर काय हुईल? तुमी दिली असती पोरगी?