राउटर मेमरी सोडत नव्हता

शिरूरमधल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी नेटवर्क सांभाळायचे. जवळच्या निमोणे गावातल्या एका सुनेला घरबसल्या ग्राहकांचे फोन घेण्याची नोकरी लागली, तेव्हा तिच्या घरी वायर आम्हीच ओढली. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग तिचे फोन यायला लागले.

“ताई, बोलता बोलता लाइन जाती. समोरचा मानूस हॅलो हॅलो करत ऱ्हातो.”

तिच्या घरचा डबा, म्हणजे छोटा राउटर, बदलला, वायर बदलली. फरक पडला नाही. दोष आमच्या ऑफिसातल्या मोठ्या राउटरमध्ये होता. त्याची मेमरी भरत जायची आणि पूर्ण भरली की तो आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. तेवढा वेळ सगळी गावं बंद.

आमच्या दौंडच्या ऑफिसातही तेच मॉडेल होतं. तिथला सहकारी आणि मी फोनवर बोलत एकेक गोष्ट तपासत गेलो. शेवटी मी टेबलावर घरगुती डबा ठेवला आणि त्याचं बटण बंद-चालू करत बसले. लाइन तुटली की त्या घरापुरती घेतलेली मेमरी मोठ्या राउटरनं सोडायला हवी. तो दर वेळी थोडी धरून ठेवत होता.

“माझ्याकडंबी सेम,” सहकारी म्हणाला. “गावात लाईट किती वेळा जाती, म्हाइतीये ना?”

लाईट गेली की गावभरचे डबे एकदम बंद पडतात, आणि प्रत्येक डब्यामागे थोडी मेमरी अडकून राहते.

कारण सापडल्याचा आनंद फार टिकला नाही. राउटर बनवणाऱ्यांनी कळवलं की मॉडेल जुनं झालंय, त्यासाठी नवं सॉफ्टवेअर निघणार नाही. मालक म्हणाले, रिस्टार्ट करत चला. आम्ही पहाटे करायचो. पण लाईट सारखी ये-जा करायची त्या दिवशी मेमरी दुपारीच संपायची, आणि दुपारीच तिची ड्यूटी असायची.

निमोण्याला जाऊन मी तिला सगळं समजावून सांगितलं.

“म्हंजी नीट व्हनार न्हाई?”

“राउटर बदलेपर्यंत नाही.”

“आन् तो कवा बदलनार?”

मालकांनी तारीख दिलेली नव्हती. मोबाइलवर काम करून बघ म्हणावं, तर तिच्या घरात धड रेंज नव्हती.

पुढे तिला कामावरून कमी केलं. कनेक्शन काढायला मीच गेले. वायर गुंडाळून, डबा पुसून तिनं ओट्यावर ठेवला होता. मला चहा दिला आणि कांदे काढायला बायका थांबल्यात म्हणत ती शेताकडे गेली. डबा आणि वायर पिशवीत टाकून मी गाडीला किक मारली.