ढोल वाजवण्याआधी

शेजारच्या अंगणातून, लाकडी कुंपणावरून, भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास येतो आहे. ऑगस्ट सरत आला की नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, आमच्या गल्लीत हा वास ठरलेला. शेजारच्या तुर्की बाई कोळशावर लांबट गोड मिरच्या भाजतात, त्यांची सालं सोलतात आणि हिवाळ्यासाठी बरण्या भरून ठेवतात. आम्ही त्यांना आब्ला म्हणतो. त्यांच्या भाषेत आब्ला म्हणजे ताई. लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा त्यांचे यजमान कारखान्यात होते. आता यजमान नाहीत, मुलं दुसऱ्या शहरांत आहेत, आणि आमच्या दोघींच्या गप्पा चालतात त्या दोघींच्याही मोडक्यातोडक्या डचमध्ये. हा वास आला की माझ्या हातातलं काम रेंगाळतं आणि त्यांच्या गावातली एक संध्याकाळ मनात उतरते.

त्या वर्षी वसंतात माझे बाबा गेले. मी पुण्याला पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दिवस-कार्य करून परतले तर ऑफिसात टेबलावर ट्यूलिप होते आणि सगळ्यांच्या सह्यांचं एक कार्ड. त्यावर एकच शब्द, ‘स्टेर्क्ते’. बळ मिळो. माणसं मनापासूनच बोलली होती. पण मग मीटिंगा सुरू झाल्या, झाडांना पालवी फुटली, दिवस लांबत गेले, आणि मी कुठेतरी मागेच राहिले. रडू यायचं ते सायकलवर. इथल्या वाऱ्याने सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे कुणाला वेगळं काही दिसत नाही.

माझी ही घुसमट पाहून नवऱ्याने उन्हाळ्यात अंताल्याच्या समुद्राकाठी सुट्टी ठरवली. तुर्कस्तानात जाऊन तिथली लोकनृत्यं पाहायची ही माझी जुनी हौस, तीही त्याच्या लक्षात होती. आब्लांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हॉटेलात नाचतात ते हॉटेलसाठी. मी तेव्हा गावी असेन. तिथे लग्न आहे. तुम्ही या.” त्यांचं गाव तुर्कस्तानच्या मधोमध, अनातोलियाच्या पठारावर, समुद्रापासून बसने दिवसभराच्या अंतरावर. आम्ही हसून विषय सोडून दिला.

हॉटेलातली ‘तुर्की संध्याकाळ’ झाली ती पोहण्याच्या तलावाशेजारी. रंगीत दिवे, चकाकते कपडे, स्पीकरमधून घुमणारं संगीत. शेवटी पांढऱ्या घेरदार अंगरख्यातला एक माणूस डोळे मिटून गिरक्या घेऊ लागला. खरं तर ती सूफींची प्रार्थना. पण त्याच्या मागून लोक आइस्क्रीमच्या वाट्या घेऊन ये-जा करत होते, आणि मला त्या माणसाकडे बघवेना. आमची लेक नेहमीसारखी इंग्रजी-डचची खिचडी करत म्हणाली, “आई, धिस इज नेप.” नेप म्हणजे खोटं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “जायचं का आब्लांकडे?”

दुसऱ्या दिवशी निघालो. समुद्र मागे पडला, डोंगर ओलांडले, आणि पुढे पिवळं, कापणी झालेलं, उघडंबोडकं माळरान पसरलं. फलटणच्या बाजूला असावं तसं. कुठेतरी ओढ्याकाठी पॉप्लरची हिरवी रांग, तेवढाच काय तो गारवा. गावात आब्ला आमची वाटच पाहत होत्या. आइंडहोवनमध्ये दुखऱ्या गुडघ्यांनी हळूहळू चालणाऱ्या आब्ला इथे वेगळ्याच दिसत होत्या, ताठ आणि भराभर चालणाऱ्या.

उन्हं कलली तशी माणसं चौकात जमली. खुर्च्या मांडल्या होत्या, नवरामुलगा कोटात घामाघूम झाला होता. ढोलवाल्याने ढोल गळ्यात अडकवला होता, शेजारी सनईसारखं वाद्य घेतलेला म्हातारा होता, पण कुणी काही वाजवत नव्हतं. गप्पाही हलक्या आवाजात. माझ्या नवऱ्याने मोबाइल सरसावला तेव्हा आब्लांनी त्याचा हात अलगद खाली केला.

“थोडं थांबा,” त्या म्हणाल्या. “माझ्या बहिणीचा नवरा हिवाळ्यात गेला. तिचं घर ते समोरचं. ती हो म्हणेपर्यंत ढोल वाजत नाही.”

नवऱ्यामुलाचे आजोबा काठी टेकत त्या घराकडे गेले. दारात आब्लांची बहीण उभी होती, डोक्याला गडद रुमाल. आजोबा छातीवर हात ठेवून काहीतरी बोलले. ती बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली. सगळा चौक तिची वाट पाहत होता आणि कुणालाही घाई नव्हती. मग तिने मान हलवली.

आता ढोल वाजेल असं मला वाटलं. पण आजोबांशी आब्ला दोन शब्द बोलल्या, आणि ते वळून आमच्याकडे आले. पाहुण्यांचं स्वागत करायला आले असतील म्हणून मी हसून उठले. ते माझ्यासमोर तसेच उभे राहिले, छातीवर हात ठेवून, आणि बोलले. आब्लांनी डचमध्ये सांगितलं, “ते म्हणतात, तुझे वडील गेलेत. तुझ्या घरातही दुःख आहे. ढोल वाजवला तर चालेल का, असं विचारतायत.”

लहानपणी आमच्या सोसायटीत कुणाच्या घरी कुणी वारलं की बाबा उठून रेडिओ बंद करत. बातम्यासुद्धा नाहीत. “त्यांच्याकडे ऐकू जाईल,” एवढंच म्हणत. बाबांसाठी असं कुणीतरी थांबावं, एवढंच बहुधा मला हवं होतं. आणि ते मिळालं कुठे, तर जिथे बाबांचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं अशा गावात.

“वाजवा,” मी म्हणाले. चक्क मराठीत. आजोबांना ते कळलं.

ढोल छातीत घुमला. आब्लांची बहीण दारातून उतरून आली आणि तिने स्वतःची करंगळी माझ्या करंगळीत अडकवली. माणसं एकेक करत रांगेत आली. दोन पावलं पुढे, एक मागे, खांद्याला खांदा. आब्लांची बहीण कुणाला दाखवण्यासाठी नाचत नव्हती. तिचा चेहरा अगदी शांत होता आणि पावलं जड. एक फेरा पुरा केला, मग मला घेऊन ती बाजूला बसली. आम्हा दोघींना एकमेकींचा एकही शब्द येत नव्हता. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी बाबांसाठी पहिल्यांदा चारचौघांत रडले. लेक जवळ येऊन उभी राहिली. “आजोबा?” तिने विचारलं. मी मान हलवली. समोर रांग लांबत गेली, लोक हसू लागले, आणि त्या हसण्याचा मला जराही त्रास झाला नाही.

गेल्या वर्षी इथे, आइंडहोवनच्या मराठी मंडळींच्या गणपतीत ढोल-ताशा ठरला होता. आमच्यातल्या एकाची आई नुकतीच नाशिकला वारली होती. आपल्याकडे सुतकातलं घर आपणहून मागे सरतं, आणि बाकीचे त्याला त्रास नको म्हणून लांब राहतात. मी त्याच्या घरी गेले. त्याने दार उघडलं. “रविवारी ढोल आहे,” मी म्हटलं, “वाजवला तर चालेल का?” तो दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, “वाजवा ना. पण आधी आत या, बसा जरा.” त्याने चहा टाकला आणि आईविषयी बोलू लागला, चहा गार होऊन गेला तरी बोलत होता.

दुःख काळाने कमी होतं म्हणतात. होतही असेल. पण काळ कुणाच्या दाराशी येऊन उभा राहत नाही. ते माणसांनाच करावं लागतं.