आईच्या जिभेवरचा पांढरा थर

बारा जानेवारी. सकाळचे साडेसहा. आईचं तोंड धुवायचं, जीभ घासायची, दम्याचा पंप द्यायचा आणि सातच्या आत घावण्यांचा तवा चुलीवर ठेवायचा. मालवणजवळ तोंडवली गावात आमच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी आहेत आणि पाहुण्यांना आठला नाश्ता लागतो.

आई दिवाळीनंतर माझ्याकडे आली. उजवा हात मोडला होता. प्लास्टर निघालं, पण पकड आली नाही. डाव्या हाताने तोंड धुवायला तिला वीस मिनिटं लागत. चार दिवस मी थांबले, मग ते काम स्वतःकडे घेतलं. गावी ती माडाच्या पातीची हीर, मधली काडी, काढायची, मधोमध चिरून वाकवायची, जीभ घासून फेकून द्यायची. "एक हीर दी गो," असं तिने मागितलं, तेव्हा मी स्टीलची पट्टी आणली. हीर चिरत बसायला मला वेळ नव्हता.

महिन्याभरात तिच्या जिभेवर पांढरा थर दिसू लागला. ती दोन्ही वेळा पेज खायची, म्हणून मला वाटलं पेजच बसते. मी जोर वाढवला.

"हळू गो! करपलेलो टोप घासतंस काय?"

"टोप बरो. तो तोंड तरी मिटणा नाय."

तेव्हा ती हसली होती. मग तिने सोलकढी सोडली. झोंबते म्हणाली.

"जन्मभर पिलंस, आता झोंबता? पाहुणे मागान घेतत, आणि तुझी ही नाटकां!"

"माका नको म्हणतंय मां."

बारा तारखेला पट्टीला रक्त लागलं. त्या दिवशी तिने पेजेचं ताटही सरकवलं. सरकवताना तिच्या बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. त्या आधीही जात असणार, मी पाहिलं नव्हतं. रिक्षा बोलावली आणि तिला मालवणला नेलं.

मी पेजेचं सांगितलं. डॉक्टरबाईंनी बॅटरी मारून जीभ पाहिली. "ही पेज नाही, बुरशी आहे. पंपाने होते. आणि खरवडून जीभ पार सोलली आहे. खाणार कशा या? पंपानंतर चूळ भरायची, सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मला, पंप लिहून देताना, याच टेबलापाशी. पण चूळ म्हणजे तिला पुन्हा उठवून बसवा, तस्त धरा, पाच मिनिटं थांबा. मी पंप अंथरुणातच द्यायची आणि तव्याकडे पळायची.

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "माझ्याच ध्यानात रवणा नाय. आणि जीभ पण मीच घासतंय."

डॉक्टरबाईंनी तिच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, असा निष्काळजीपणा पुन्हा करायचा नाही," त्या म्हणाल्या. मी औषधाची चिठ्ठी वाचत राहिले. दोनच ओळी होत्या.

रिक्षात विचारलं, "आये, खोटा कित्याक बोललंस?"

"थंय तुका बोलणी खाऊक लावू? घरी घालतंय मां गाळी."

घरी आल्यावर तिने एकही शिवी घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना सांगितलं, नाश्ता नऊला मिळेल. आईला उठवून बसवलं, पंप दिला, तांब्या तिच्या डाव्या हातात दिला आणि तस्त धरून थांबले. तिने तीन चुळा भरल्या. अर्धं पाणी माझ्या हातावर सांडलं. औषधाचे थेंब घालायला माझा हात पुढे गेला, तसे तिने ओठ घट्ट मिटले. मी हात मागे घेतला.

"आये, माझी चूक झाली. चूळ मीच भरूक दिलंय नाय."

मग तिने तोंड उघडलं, जेमतेम थेंब जाईल एवढं.

दवाखाना उघडल्यावर फोन लावला आणि डॉक्टरबाईंना सांगितलं, आईचा काही दोष नाही, जीभ मी सोलली.