लाकडी कडं

त्या फ्रेंच घरात प्रत्येकाचा जेवणाचा कापडी रुमाल आपापल्या कड्यात गुंडाळलेला असायचा. आजोबांचं कडं शिंगाचं, घरच्या मादामचं चांदीचं. मी कॉलेजचं एक सत्र फ्रेंच शिकायला त्यांच्याकडे राहिलेली. मला रोज परीटघडीचा नवा रुमाल मिळायचा. काय हा पाहुणचार, असं मी आईला फोनवर कौतुकाने सांगितलंही.

आणि एका रविवारी माझ्या ताटाशी कालचाच रुमाल, बिटाच्या डागासकट, एका लाकडी कड्यात! माझं काही चुकलं का? माझा पडलेला चेहरा पाहून मादाम हसल्या.

"रोज नवा रुमाल पाहुण्यांना देतात गं. घरच्यांना धुण्याच्या दिवसापर्यंत एकच!"

मला आमच्याकडचे काचेचे पेले आठवले, फक्त पाहुण्यांसाठी कपाटातून निघणारे. ज्याच्या हाती आई कान तुटलेला कप निवांत देते, तो माणूस घरचा झाला म्हणायचा. सरबराई कुणीही करतं. कालच्या डागासकट जेवायला बसवतं ते आपलं घर, मग ते सातासमुद्रापार का असेना.

मी रुमाल ऐटीत मांडीवर पसरला. बिटाचा डाग वर ठेवून.